सहा अधम आणि एक बासरी

पाणिनीय शिक्षा नावाचा एक छोटा संस्कृत ग्रंथ आहे, साठेक श्लोकांचा. शिक्षा म्हणजे इथे उच्चारशास्त्र. श्रोत्यांना होते ती वेगळी. कोणता वर्ण तोंडात कुठून काढावा, स्वर किती लांबवावा, अशा सोवळ्यातल्या विषयावर बोलता बोलता ग्रंथकाराचा एकदम संयम सुटतो आणि तो वाईट वाचणाऱ्यांची यादीच देतो. गाऊन वाचणारा, घाईघाईने वाचणारा, डोकं हलवत वाचणारा, लिहिलेलं समोर धरून वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि आवाज न फुटणारा, हे सहा जण वाचणाऱ्यांतले अधम, असा त्याचा निकाल आहे. ‘अधम’ हा शब्द त्याचा, माझा नव्हे. मी एवढंच म्हणेन की ग्रंथकार कोणीही असला तरी आदल्या संध्याकाळी त्याने एखादं अभिवाचन पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं असणार. पहिल्या रांगेतून उठून जाता येत नाही.

मध्ये कितीतरी शतकं गेली, पण सहाही मंडळी ठणठणीत आहेत. वर्षातून दोनदा त्यांचा हंगाम येतो. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. आणि 15 ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणून वाचन प्रेरणा दिन. या दोन दिवशी महाराष्ट्रातल्या शाळा, बँका, ग्रंथालयं, नगरपालिका आणि गृहनिर्माण सोसायट्या यांत कोणीतरी कोणाला तरी काहीतरी वाचून दाखवत असतं. एरवी वर्षभर विजेच्या बिलापलीकडे काही न वाचणारा गृहस्थ आदल्या रात्री दारात उभा राहतो. “तुमच्याकडे कुसुमाग्रजांचं काही छोटंसं आहे का हो?” छोटंसं हवं असतं. चांगलं निघालं तर त्याची तक्रार नसते.

माझा या प्रकाराला विरोध नाही. उलट मी या कार्यक्रमांना आवडीने जाणारा माणूस आहे. फुकट चहा मिळत नसला तरी जातो. आणि मोठ्याने वाचणं हे काही आपल्याकडे कालपरवा आलेलं खूळ नव्हे. छापलेली पुस्तकं घरोघरी होण्याआधी, आणि झाल्यावरही बरीच वर्षं, ग्रंथ म्हणजे एकाने वाचायचा आणि वीस जणांनी ऐकायचा. चातुर्मासात देवळात नाहीतर कोणाच्या ओसरीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ असायचा, ‘पांडवप्रताप’ असायचा. वाचणारा दोन-चार ओव्या वाचायचा, थांबायचा, अर्थ सांगायचा आणि पुढे जायचा. आवाजात चढउतार फारसे नसत. कृष्णाने कालियाला दमात घेतलं म्हणून पोथीवाल्याने शेजारच्या समईला दमात घेतलं असं होत नसे. समोर बसलेल्या बायका वाती वळत ऐकायच्या. हात कामात आणि कान मोकळे, यापेक्षा चांगला श्रोता नाही. हल्लीच्या श्रोत्याचे हातही मोकळे असतात आणि मोकळा हात आपसूक मोबाईलकडे जातो. संयोजकांनी दारात अत्तर लावण्याऐवजी प्रत्येकाच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा द्याव्यात. कार्यक्रम पडला तरी दाण्याचं कूट होईल.

असो. अधमांच्या यादीत पहिला मान गाऊन वाचणाऱ्याचा, आणि आपल्याकडे तो त्याने कमावलेला आहे. मराठी कविता फार दिवस गाऊनच ऐकवली जात होती. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे ठोमरे आडनावाच्या एका कोवळ्या पोराने कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ होऊन परतला. पुढे 1920च्या दशकात पुण्यात रविकिरण मंडळाचे यशवंत, गिरीश, माधव जूलियन वगैरे कवी जमले आणि काव्यगायनाची लाटच आली. मग मर्ढेकर आले आणि चालीची पंचाईत झाली. कविता वृत्तात बसते आहे, पण पिंपात मरून पडलेल्या उंदरांना भूप लावायचा की भैरवी? शेवटी विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी एकत्र दौरे काढून गावोगाव दाखवून दिलं की पेटीशिवाय, तबल्याशिवाय, नुसती वाचूनही कविता ऐकवता येते आणि लोक सतरंजीवर बसून ती ऐकतात.

गाणं कवितेतून असं बाहेर काढल्यावर ते कुठे गेलं? गद्यात शिरलं. आजचा गाऊन वाचणारा हा गद्य गातो. वाक्य सुरू झालं की आवाज वर, मध्यावर एक हेलकावा, क्रियापदाशी खाली. पुढचं वाक्य आलं की पुन्हा वर. मजकुरात सूर्योदय असो, दरोडा असो की वांग्याचं भरीत असो, चाल एकच. ही चाल त्याला तिसरीच्या वर्गात लागलेली असते, जेव्हा सगळा वर्ग एका सुरात धडा वाचायचा आणि बाई स्वेटर विणायच्या. पुढे आयुष्यात नोकरी लागते, लग्न होतं, मधुमेह होतो. चाल तेवढी तीच राहते. काहींनी ती मोडून दुसरी बसवलेली असते: बातम्यांची. ते शांता शेळके यांची कविता अशी वाचतात की पाठोपाठ हवामानाचा अंदाज येणार असं वाटावं.

पण सगळ्यांत घातक ती दाटल्या गळ्याची चाल. तिच्यासाठी ‘श्यामची आई’ हे राखीव कुरण आहे. वाचणाऱ्या ताई व्यासपीठावर येतात, चष्मा लावतात, पुस्तक उघडतात आणि पहिल्याच वाक्याला त्यांचा आवाज कापतो. अजून काही झालेलं नसतं. श्याम नुकता सांगायला बसलेला असतो. तिसऱ्या परिच्छेदाला रुमाल निघतो. पाचव्याला त्या थांबतात आणि “सॉरी” म्हणतात. आता सभागृहातली परिस्थिती अशी की श्रोत्यांना श्यामच्या आईची नव्हे, या ताईंची काळजी वाटायला लागते. कोणीतरी पाणी नेऊन देतं. आईचं काय झालं ते विचारायचं राहूनच जातं.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्याची बांधणी बघा: आश्रमात रोज रात्री मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आठवणी सांगतो. प्रकरणांना नावसुद्धा ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असंच. म्हणजे पुस्तक मुळातच ऐकण्याचं आहे. वाचणाऱ्याने श्यामच्या जागी बसायचं आणि जे झालं ते सांगायचं, एवढंच काम शिल्लक आहे. प्रसंग सरळ सांगितला की समोरचे आपोआप डोळे पुसतात. वाचणाराच आधी रडला की लोकांना वाटतं, रडण्याचं झालं, आता आपण मोकळे. विनोदाचंही तेच. चिं. वि. जोशींचं काही वाचायला घेतलेल्या एका गृहस्थांना मी पाहिलं आहे. विनोद यायच्या तीन ओळी आधीपासून ते हसायला लागायचे आणि प्रत्यक्ष विनोदाची ओळ त्या हसण्यात वाहून जायची. शेवटी शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, “भलतंच विनोदी असणार हो. यांना तरी ऐकू आलं.”

डोकं हलवणाऱ्याची गोष्ट निराळी. पाणिनीय काळात त्याचा दोष फक्त दिसण्यातला असावा. आता समोर माईक आहे, आणि माईक जागेवर राहतो. त्यामुळे अधमाचं डोकं डावीकडे गेलं की आवाज जातो, उजवीकडून परत आलं की येतो, आणि आपल्याला कथेतले शब्द एकाआड एक ऐकू येतात. तरी नुसतं डोकं परवडलं. हल्ली मालिकांमधले कलाकार अभिवाचनाला येतात, आणि त्यांचं सगळं अंगच वाचायला लागतं. म्हातारी आली की कमरेत वाक, पाटील आला की मिशीवर हात, म्हैस आली तर विचारूच नका. अभिनय वाईट नव्हे; लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त एकटे अख्खं वऱ्हाड उभं करायचे. पण तो रंगमंच होता आणि त्यांच्या हातात कागद नव्हता. कागद हातात धरून सगळा अभिनय करणाऱ्याची ओढाताण अशी की त्याने तलवार उपसली की पान खाली पडतं आणि पान उचललं की तलवार म्यान होते. चार पात्रांना चार आवाज देणाऱ्यांचं सातव्या मिनिटाला काय होतं ते मी सांगायला नको. सासऱ्याचा आवाज सुनेला जातो आणि सून “मी माहेरी जाते” असं घोगऱ्या आवाजात म्हणते. खरं तर आवाज बदलायची गरजच नसते. एकाचं बोलणं थोडं सावकाश, दुसऱ्याचं थोडं लगबगीचं, मान या बाजूवरून त्या बाजूला इंचभर. बाकीचं काम श्रोता करतो. त्याला ते करू द्यावं, तो त्यासाठीच आलेला असतो.

यात ग्रामीण साहित्य निघालं की संकट दुप्पट होतं. शहरातल्या वाचणाऱ्याकडे खेडं एकच असतं, तेही त्याने टीव्हीवर पाहिलेलं. तिथे सगळे “आरं”, “कारं”, “व्हय जी” करतात. शंकर पाटील कोल्हापूरकडचे, व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, द. मा. मिरासदार पंढरपूरच्या वातावरणात वाढलेले. या तिघांनी मिळून कथाकथनाचं वेड महाराष्ट्राला लावलं, आणि तिघांच्या माणसांचं बोलणं निरनिराळं आहे. आमचा वाचणारा तिघांनाही एकाच एसटीत बसवतो. आणि बहिणाबाई चौधरी निघाल्या की ही एसटी सरळ आसोद्याला नेतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी टिपून ठेवलं, आणि 1952 साली, त्या गेल्यावर, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. खानदेशातल्या लेवा गणबोलीतली ती कविता आमचे कलाकार अस्सल कोल्हापुरी ठसक्यात म्हणतात. समोर जळगावकडचा एखादा श्रोता असला तर तो खुर्चीत खाली खाली सरकत जातो. बोली येत नसेल तर आपल्या नेहमीच्या मराठीत, लिहिलंय तसं, सरळ वाचावं. लेखकाने लिहिताना बोली आधीच घातलेली असते. वरून पुन्हा घालायची नसते.

आता घाईने वाचणारा. हा सगळ्यांत निरपराध अधम आहे, कारण त्याला अधम केला जातो. कार्यक्रम सहाचा असतो. साडेसहाला दीपप्रज्वलन सुरू होतं. समईच्या वाती तेलात बुडालेल्या असतात, मेणबत्ती पंख्याने विझते, पंख्याचं बटन कुठलं ते ठाऊक असलेला माणूस चहा घ्यायला गेलेला असतो. मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनी स्वतःच लिहून पाठवलेला असल्यामुळे त्यातलं काहीही गाळता येत नाही. मग शाल आणि श्रीफळ. मग “मी आपला फार वेळ घेणार नाही” असं म्हणून अध्यक्ष तो घेतात. आठ वाजून गेल्यावर वाचणाऱ्याला पुकारतात. त्याने चाळीस मिनिटांची कथा आणलेली असते, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्यासमोर चिठ्ठी येते: ‘आवरा. हॉल नऊला सोडायचा आहे. उद्या साखरपुडा आहे.’

इथे शहाणा माणूस कथा कापेल. आपला माणूस वेग वाढवतो. चाळीस मिनिटांची कथा तो पंधरा मिनिटांत वाचतो. नायिका परिच्छेदागणिक वयात येते, विधवा होते, आजी होते. त्याला विचारलं तर म्हणतो, लेखकाचा एक शब्द गाळणं म्हणजे लेखकाचा अपमान. सगळे शब्द पळवले तर अपमान नाही, अशी त्याची समजूत. वास्तविक छापील पानाला नीट वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. पंधरा पानं म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. हे गणित घरी करायचं असतं आणि कात्रीही घरीच चालवायची असते. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे निम्म्याहून जास्त जागी जाऊ शकतं, कारण कोण बोललं ते आवाजातून कळतंच. डोळ्यांनी वाचताना रमावं अशी दोन पानी निसर्गवर्णनं कानाला पेलत नाहीत. त्यातल्या चार ओळी ठेवाव्यात. आणि दुसरा, छोटा उतारा खिशात असावा. अध्यक्ष कुठे आपल्या खिशात असतात!

अर्थ न कळता वाचणारा मात्र खरा भयंकर. मराठीची घडण अशी की नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतो. तोवर वाचणाऱ्याचा श्वास पुरला पाहिजे, आणि पानही. एका कार्यक्रमात, नाव-गाव सांगत नाही, एका दिवंगत सद्गृहस्थांवरचा लेख त्यांच्याच कुटुंबीयांसमोर वाचला जात होता. पानाच्या तळाशी ओळ होती: ‘अप्पांनी उभ्या हयातीत कोणाचा एक पैसा बुडवला’. वाचणाऱ्याने ती खणखणीत, पूर्णविरामासकट वाचली. मग शांतपणे तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं. प्यायला. रुमालाने ओठ टिपले. पहिल्या रांगेत अप्पांचे थोरले चिरंजीव अर्धे उठले होते. मग पान उलटलं आणि वाचणारा म्हणाला, “नाही.” त्यानंतर अप्पांच्या दानशूरपणाचे तीन प्रसंग झाले, पण लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात यावर इलाज आहे. पाठाच्या गुणांत त्याने काकू, म्हणजे आवाजाची वळणं, सांगितली आहेत. त्यात साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन प्रकार आहेत. वाक्य संपलेलं नसेल तर आवाजाने ते सांगायचं, श्रोत्याला लटकत ठेवायचं. संपलं की सोडायचं. ‘बुडवला’ साकांक्ष म्हटलं असतं तर चिरंजीव खाली बसून राहिले असते. आपल्या जुन्या पोथ्यांत शब्दसुद्धा सुटे लिहिलेले नसत, स्वल्पविराम तर दूरच. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. मग एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजाने मराठीत विरामचिन्हांची घडी बसवून दिली आणि आपली मोठी सोय झाली. त्या सोयीचा उपयोग आता आपण असा करतो की स्वल्पविराम दिसला की श्वास घ्यायचा, मग तो अर्थाला लागो न लागो, आणि तो नसला तर वाक्यामागून वाक्यं ओढत निळे पडेपर्यंत जायचं. चिन्हं छपाईची असतात, श्वास आपला असतो. घरी वाचताना पेन्सिलीने आपल्या रेघा मारून घ्याव्यात. एक उभी रेघ, थोडं थांबा. दोन, जरा जास्त. सूचना शब्दांत मात्र लिहू नयेत. भर सभेत “आणि मग तिने दार उघडलं, इथे थांबून श्रोत्यांकडे पाहणे, तर दारात कोणीच नव्हतं” असं मी या कानांनी ऐकलं आहे.

यावरून चौथ्या अधमाकडे यावं लागतं, आणि इथे ग्रंथकाराशी माझं पटत नाही. लिहिलेलं समोर धरून वाचणं हाच दोष मानला तर अभिवाचन हा प्रकारच बाद होतो आणि नुसतं पाठांतर उरतं. वेदाला ते ठीक. कथेला कागद हवा. चार्ल्स डिकन्स 1858 पासून तिकीट लावून स्वतःच्या कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याला त्या जवळजवळ पाठ होत्या, तरी समोर पुस्तक असे. वाचनासाठी वेगळी काटछाट केलेली प्रत, समासात खुणा केलेली. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचताना त्याची स्वतःची नाडी इतकी धावायची की शेवटच्या कार्यक्रमांत डॉक्टर हजर राहून ती मोजत. आपल्याकडे मोजायचीच झाली तर श्रोत्यांची मोजावी; बहुतेक वेळा ती फार शांत निघेल.

तेव्हा कागद हवा, पण कागदाचीही काही रीतभात आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहावं कसं यालाच दिला आहे. अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, मध्यम आकार धरावा, असं त्यांनी बजावलं आहे. चष्म्याचा नंबर बदललेला असताना झेरॉक्सवरून लहान टाइपातली कथा वाचायला उभ्या राहिलेल्या माणसाने हा समास आधी वाचलेला बरा. झेरॉक्स काढणारा पानाची शेवटची ओळ कापतो, हा निसर्गनियम आहे. पाठपोट छपाई नको. स्टेपलरची पिन नको. पानांवर आकडे हवेत, कारण वरचा पंखा आता दीपप्रज्वलन संपल्यामुळे पुन्हा सुरू झालेला असतो. तरुण मंडळी या सगळ्यावर उपाय म्हणून मोबाईलवरून वाचतात. माणूस जरा आडवा झाला की मजकूर आडवा होतो, ऐन शोकप्रसंगात पडदा काळा पडतो, आणि वियोगाच्या वर्णनावर कर्ज मंजूर झाल्याची बातमी अलगद उतरते. तिथे वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो लेखकाला अभिप्रेत नसतो.

सहाव्या अधमाला, आवाज न फुटणाऱ्याला, माईकने वाचवलं. म्हणजे माईकवाल्याने वाचवलं तर. “मागे ऐकू येतंय का?” असं विचारायची पद्धत आहे. ज्यांना ऐकू येत नाही ते उत्तर देत नाहीत, ज्यांना येतं ते “हो” म्हणतात, आणि सर्वांचं समाधान होतं. माईकपासून वीतभर अंतर ठेवलं तर ‘फ’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. ओठ टेकवून वाचलं तर ‘भाकरी’ म्हणताना सभागृहात फटाका उडतो. अधमांची यादी देणाऱ्या त्या ग्रंथकारानेच चांगल्या उच्चाराला एक दृष्टांत दिला आहे, तो मला फार आवडतो: वाघीण पिल्लांना दातांत धरून नेते, ती पडूही नयेत आणि त्यांना दात लागूही नयेत, तसे वर्ण उच्चारावेत. आपल्या व्यासपीठांवर काही ‘ण’ वाटेत पडतात, काही ‘ष’ चावले जातात. वाघीण मात्र सूत्रसंचालनात मोठ्या संख्येने दिसते.

यादीत न आलेलेही काही आहेत, पण त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. एक कवी, जो कवितेआधी ती कविता कशी सुचली ते कवितेच्या चौपट वेळ सांगतो. आणि एक वाचणारा, जो पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ वाचायला घेतो. पुलंच्या आवाजात हे सगळं महाराष्ट्राने इतक्यांदा ऐकलंय की श्रोते वाचणाऱ्याच्या पुढे दोन वाक्यं हसत असतात आणि मागच्या रांगेतून कोणीतरी “तिथे भाई जास्त थांबतात” अशी दुरुस्ती करतो. पुलंचंच वाचायचं असेल तर जे त्यांनी ध्वनिमुद्रित केलेलं नाही ते शोधावं. आहे पुष्कळ. याच पुलंनी आणि सुनीताबाईंनी बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचे कार्यक्रम केले. त्यांना स्वतःचं नाव मिळवायचं नव्हतं, ते आधीच मिळालेलं होतं. माणसं घरी जाताना बोरकरांबद्दल बोलत जायची. अभिवाचन जमलं की फसलं ते ओळखायला मला दुसरी कसोटी माहीत नाही. बाहेर चपला शोधताना लोक “काय वाचलं हो त्यांनी!” म्हणाले तर ठीक, “काय लिहिलंय हो!” म्हणाले तर वाचणारा पास.

आणि शेवटी बासरी. ती पाणिनीय शिक्षेत नाही, कारण एवढी कल्पना त्या सज्जनाला करवली नसावी. हल्ली अभिवाचनाला पार्श्वसंगीत असतं. आई आली की बासरी, आठवण आली की बासरी, पाऊस आला की बासरी आणि संतूर. बासरीवाल्याने कथा आधी वाचलेली असते, त्यामुळे कोण मरणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो ते पहिल्याच पानावर फोडतो. आजोबा अजून अंगणात नातवाशी खेळताहेत, भाजीवाल्याशी भांडताहेत, आणि इकडे बासरीने त्यांना उचलून पोचवलेलं असतं. दोन वाक्यांमधली जी रिकामी जागा वाचणाऱ्याने मोठ्या कष्टाने सोडलेली असते, जिथे श्रोत्याने स्वतःशी काहीतरी समजून घ्यायचं असतं, नेमकी तीच जागा बासरीवाल्याला आपली वाटते.

तेव्हा येत्या 27 फेब्रुवारीला तुम्हाला कोणी वाचायला बोलावलंच, तर आपल्याला आवडलेलं आणि आपल्याला कळलेलं काहीतरी निवडा. ते घरी दार लावून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण मोठ्याने एकदा तरी वाचा आणि निम्मं कापा. पान कुठे उलटतंय ते बघा. बासरीवाला आधीच ठरलेला असेल तर त्याचा अपमान करू नका. त्याला मानधन द्या, चहा द्या, आणि शेवटी पसायदानाला वाजवायला सांगा.